पाहुण्याचं पाणी

माहेरी जाताना बायका पेढे नेतात, फळं नेतात. मी पाणी न्यायची. चिखलीच्या आमच्या घरच्या नळाचं पाणी, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, झाकणाखाली पिशवीचा तुकडा घट्ट दाबून. चिखलीहून खामगावपर्यंत एक एसटी, खामगावहून शेगावपर्यंत दुसरी आणि पुढे गावापर्यंत जीप. कॅन सगळा वेळ मांडीवर. खामगावच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा झाला होता. "मॅडम, गंगा चिखलीतून वाह्यते का?" असं विचारून चारचौघांत हसवायचा. मीही म्हणायची, "हो, तिकीट काढू का तिचं?" हसायला काय जातं? मांडी मात्र बधिर व्हायची.

माझं माहेर शेगावच्या पलीकडे, पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. तिथे पाण्याचा तोटा नाही. बोअर मारला की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. हंड्यावर पांढरा थर चढतो तो चिंचेनं घासूनही निघत नाही. आमच्याकडची माणसं हसली की त्यांचे दात पाहून शेगावचा दुकानदार गाव ओळखतो. मुलगी द्यायची झाली तर लोक शेती नंतर विचारतात, आधी पाणी विचारतात. माझ्या दादाचं लग्न त्या एका प्रश्नापाशी येऊन अडलं आणि पुढे कोणी विचारायलाच आलं नाही.

गावातल्या प्रत्येक घरात दोन पाणी असतात. एक घरचं, एक पाहुण्याचं. घरचं म्हणजे बोअरचं, खारं. पाहुण्याचं म्हणजे गोडं, शेगावहून किंवा जिथून मिळेल तिथून आणलेलं. त्याचा वेगळा छोटा माठ, वेगळा पेला, आणि त्याला घरच्यांनी हात लावायचा नाही. उन्हातून खेळून आलेलं पोरही त्या माठाकडे जात नसे, इतकी शिस्त. आम्हाला याचा मोठा अभिमान होता. आमच्याकडे येऊन पाहुण्याचं तोंड कधी वाकडं झालं नाही, असं माय सांगायची. आईला आम्ही मायच म्हणतो. याचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. जो कोणी बाहेरून आला, तलाठी असो, डॉक्टर असो, साहेब असो की मत मागणारा असो, त्याला आमच्या पाण्याची चव कधी कळलीच नाही. ती आम्हीच त्याला कळू दिली नाही.

दादा पाणबुडीच्या, म्हणजे बोअरमध्ये सोडतात त्या मोटारी दुरुस्त करायचा. खारं पाणी वर खेचणाऱ्या पंचक्रोशीतल्या सगळ्या मोटारी त्याच्या हातून गेल्या असतील. वडील गेल्यापासून घरात तो आणि माय, दोघंच. एक दिवस त्याच्या पायांवर सूज आली. कामानं आली असेल म्हणून त्यानं अंगावर काढली. ती चेहऱ्यावर चढली तेव्हा मी त्याला खामगावला नेलं. डॉक्टरांनी कागद पाहिले, गावाचं नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर मान हलवली. किडन्या बिघडत चालल्या होत्या. ते म्हणाले, "हे पाणी आजपासून बंद. चांगलं पाणी मिळालं तर अजून बरीच वर्षं निघतील. तेच पीत राहिलात तर मी काही करू शकणार नाही."

त्या दिवसापासून पाहुण्याचा माठ दादाचा माठ झाला. शेगावहून जारची गाडी यायची, कधी यायची नाही, आणि बाकीचं माझ्या कॅनमधून. माय स्वतः खारंच प्यायची. मी ओरडले की म्हणायची, "मले काय होते वं? माह्या आतड्याले सवय हाय." दादाच्या आतड्यालाही तीच सवय होती, पण हे तिला कोण सांगणार?

आता तुम्ही विचाराल, सरकारी योजना नव्हती का? होती ना. चांगली उंच टाकी आहे आमच्या गावात. लांबच्या धरणातून गोडं पाणी नळानं येणार, टाकीत पडणार आणि घरोघर जाणार. टाकीचं भूमिपूजन झालं तेव्हा मी दादासोबत फुगे घेऊन नाचले होते. टाकी बांधली गेली, पाइप आले, काही पुरले गेले, काही रस्त्याच्या कडेला पडून त्यांत गवत उगवलं. पाणी तेवढं आलं नाही. पण दर निवडणुकीच्या आधी टाकीला रंग मारतात. एकदा पिवळा, एकदा निळा. कोरडी असल्यामुळे तिच्यावर रंगही छान टिकतो.

अशाच एका रंगाच्या दिवसांत गावात मारुतीच्या पारावर सभा झाली. विधानसभा तोंडावर होती. मी सुट्टी काढून गेले होते. बहुतेकांचं म्हणणं होतं, मतदानावर बहिष्कार टाकायचा. दादा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "बहिष्कार टाकून काय होते? मागं टाकला तं तहसीलदार आले, चहा पेऊन गेले. तो चहाही आपण गोड्या पाण्याचा केला. मी म्हणतो, या खेपी जो मत मागाले येईन त्याले आपलं बोअरचं पाणी पाजा. सगळ्याहीसमोर. मंग बोलू द्या त्याले."

"त्यानं काय होईन?" कोणीतरी विचारलं.

"त्याहीले माहीतच नाही न गड्याहो! बाटलीतलं पेणारे लोक हायत ते. एक घोट पोटात गेला तं रातभर आठवण राह्यते."

लोकांना पटलं. ठरलं, उमेदवाराला आमच्याच घरी आणायचं, कारण पाणी काय करतं ते दादाच्या तोंडावर दिसत होतं. मला मात्र पटलं नव्हतं. सरकारी नोकरीला लागल्यापासून प्रत्येक निवडणुकीत मी मतदान केंद्रावर बसले आहे. लोकांच्या बोटांना शाई लावून लावून माझा या सगळ्यावरचा विश्वास कधीच उडाला होता. पण दादा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला. त्याच्या आशेवर मी कशाला पाणी ओतू?

उमेदवार आले. गाड्यांची रांग, ढोल, फटाके, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. तालुक्यात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, तसं सगळ्याच पुढाऱ्यांना म्हणतात. अंगण माणसांनी भरलं. भाऊ बाजेवर टेकले, आम्ही नवी चादर घातली होती. दादानं नमस्कार केला आणि आत पाहून म्हणाला, "माय, भाऊले पाणी आण."

माय आत गेली. तिला यायला जरा वेळ लागला. ती आली ती ताटलीत घासून लखलखीत केलेला पेला घेऊन, डोक्यावरचा पदर नीट करत. अंगणातले सगळे भाऊंच्या तोंडाकडे पाहत होते. शेजारची म्हातारी तर टाचा उंचावून पाहत होती. भाऊंनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला, रुमालानं ओठ पुसले आणि म्हणाले, "वा! थंडगार. अन् गोडं हाय की हो पाणी!"

भाऊंसोबत आलेला एक पोरगा मोबाइलवर हे टिपत होता. तो मोठ्यानं हसला. दादा मायकडे पाहत राहिला. त्यानं बोलायला तोंड उघडलं. हे पाणी आमचं नाही, हे चिखलीहून माझी बहीण मांडीवर आणते, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर भरल्या अंगणात मायला खोटं पाडावं लागलं असतं. तेवढ्यात ढोल वाजला, भाऊ उठले आणि पुढच्या गावाला गेले.

मी मायवर तुटून पडले. "काऊन असं केलं माय? सगळं ठरलं होतं ना?"

ती म्हणाली, "भरला होता वं मी खाऱ्याचा पेला. उंबऱ्यापरेंत आणला. मंग हात नाही रेटला. घरी आलेल्या माणसाले खारं पाणी? आजवर कोणाले नाही देल्लं. त्याचं पोट दुखलं असतं मंग?"

ज्या पुढाऱ्यांपायी आपल्या पोराच्या किडन्या जात होत्या त्यांच्यातल्याच एकाच्या पोटाची तिला काळजी. मला रडू आलं आणि रागही आला. दादा मात्र हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. "जाऊ दे न," तो म्हणाला, "माह्या वाट्याचंच पेऊन गेला तो. पुढच्या खेपी पाहू."

तो व्हिडिओ फिरला. आमच्या गावचं पाणी गोडं असल्याचा पुरावा आता लोकांच्या मोबाइलमध्ये होता. भाऊ निवडून आले. टाकी कोरडी राहिली.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दादाचं डायलिसिस सुरू झालं. खामगावला जायचं, सुया टोचून घ्यायच्या, अर्धमेलं होऊन जीपमध्ये पडून परत यायचं. मोटारीचं काम सुटलं. मी कॅन नेत राहिले. कंडक्टरनं विनोद करणं सोडलं, कारण एकदा दादा माझ्यासोबत गाडीत होता आणि त्याचे सुजलेले हात कंडक्टरनं पाहिले.

पण सगळ्यात वाईट हाल मायचे झाले. मी गेले की ती माझ्यापाशी येऊन बसायची आणि एकच बोलायची. "त्या दिवशी मी खारं पाणी देल्लं असतं तं?" मी म्हणायची, काही फरक पडला नसता. ती म्हणायची, "पडला असता. चव कळली असती त्याले. माणूसच हाय न तो." आम्ही जितकं समजावलं तितकं तिचं पक्कं होत गेलं. पुढाऱ्यांवरचा माझा विश्वास उडाला होता, दादाचा डगमगत होता, पण मायचा तसाच ठाम होता. आणि तो ठाम होता म्हणून सगळा दोष ती स्वतःवर घेऊन बसली होती. मला वाटायचं, हिचा विश्वास एकदाचा उडावा म्हणजे ही सुटेल. आपण काय मागत होतो ते तेव्हा मला कळत नव्हतं.

पुन्हा निवडणूक आली. टाकीला या वेळी भगवट रंग लागला. मागच्या भाऊंच्या विरोधात आता दुसरे भाऊ उभे होते, आणि ते आमच्याच पट्ट्यातल्या एका गावचे. दादाला बाजेवरून उठवत नव्हतं, तरी त्यानं निरोप धाडला, आमच्या घरी या. ते आले. गाड्या कमी होत्या, अंगावरचा सदराही साधा. दादा काही बोलायच्या आत माय आत गेली. मी तिच्या मागे गेले. तिनं बोअरच्या हंड्यातून पेला बुडवून भरला, काठोकाठ, आणि माझ्याकडे न पाहता बाहेर नेला. पेला त्यांच्या पुढे धरला. या वेळी ती उंबऱ्यापाशी अडली नव्हती.

नवे भाऊ प्यायले. न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

माय घाबरून म्हणाली, "खारं हाय न?"

"हाव माय," ते म्हणाले. "मले का हे नवीन हाय? माह्या मायनं हेच पाजून मोठं केलं मले. माह्या काकाच्या किडन्या याच पाण्यानं गेल्या. मले सांगाचं काम नाही." मग ते दादाच्या बाजेपाशी बसले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दादा, टाकीत पाणी पडल्याबिगर मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही."

अंगणात टाळ्या वाजल्या. शेजारच्या म्हातारीनं डोळे पुसले. मीसुद्धा पुसले, कशाला खोटं सांगू? इतक्या वर्षांचा माझा शहाणपणा त्या एका वाक्यानं धुऊन गेला. माय तर त्या रात्री शांत झोपली असं दादानं मला फोनवर सांगितलं. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. खारं पाणी पाजलं गेलं होतं, माणसाला चव कळली होती. आता होणारच.

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी बीबी गावाकडच्या एका शाळेत होती. एका म्हाताऱ्यानं शाईसाठी बोट पुढं केलं आणि विचारलं, "बाई, यानं काही होतं का हो?" दर वेळी मी हसून टाळते. त्या दिवशी मी म्हणाले, "होतं बाबा. कधी कधी होतं." दादाला दोघांनी मोटरसायकलवर मध्ये धरून मतदानाला नेलं होतं. त्यानं मला बोटाचा फोटो पाठवला. सुजलेलं बोट, आणि नखावर शाई.

नवे भाऊ निवडून आले. दादाच्या नखावरची शाई वर सरकत सरकत एक दिवस नखासोबत कापली गेली. रस्त्याकडेच्या पाइपांतलं गवत वाळलं आणि पुन्हा हिरवं झालं. गावची माणसं भाऊंच्या बंगल्यावर जाऊन आली. ते शेगावात राहतात आता, चांगल्या पाण्याच्या भागात. काम वरच्या पातळीवर आहे, असं उत्तर मिळालं. पुन्हा गेली, तेव्हा भाऊ मुंबईला होते. शब्दाचे मात्र ते पक्के निघाले. टाकीत पाणी पडलं नाही आणि त्यांनी आमच्या दारात पाय ठेवला नाही.

दादा उन्हाळ्यात गेला. सकाळी, घरीच, मी तिथे असताना. त्यानं पाणी मागितलं. डॉक्टरांनी शेवटी शेवटी तेही मोजूनच द्यायला सांगितलं होतं, त्यामुळे तो सदा तहानलेला असायचा. मायनं त्या दिवशी काही मोजलं नाही. माठातलं गोडं पाणी चमच्या चमच्यानं त्याच्या तोंडात घालत राहिली. ओठांच्या कडेनं ते गळायला लागलं तरी घालत राहिली. मी तिचा हात धरून थांबवला.

तेराव्यानंतर आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. समोर टाकी दिसत होती. माय तिच्याकडे पाहून म्हणाली, "त्याले तं माहीत होतं वं."

इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून एक समजूत सांभाळली होती, की त्यांना माहीत नाही. माहीत नसणाऱ्याला सांगता येतं, दाखवता येतं, पाजता येतं. ज्याला माहीत आहे, ज्याच्या घरातला माणूस त्याच पाण्यानं गेला आणि तरी जो काही करत नाही, त्याचं काय करायचं? त्याच्यासाठी आमच्याकडे दुसरं पाणी नव्हतं. मायचा विश्वास उडावा असं मला वाटत होतं ना, तो उडाला. पण ती सुटली नाही. आधी तिच्याजवळ निदान स्वतःची एक चूक होती. आता तीही उरली नव्हती.

यंदा जिल्हा परिषदेची हवा सुरू झाली तेव्हा मी माहेरीच होते. सवयीनं कॅन नेला होता, आणि मायनंही सवयीनं माठ भरून वर ओलं फडकं गुंडाळून ठेवला होता. त्या माठाला हात लावणारं घरात कोणी नव्हतं. माय अजूनही खारंच पिते. दुपारी गाड्या थांबल्या. तेच भाऊ होते. या वेळी निवडणुकीला त्यांची बायको उभी होती. टाकीत पाणी पडलं नव्हतं, तरी ते आले. दादाच्या हार घातलेल्या फोटोपुढे हात जोडून उभे राहिले, "फार वाईट झालं" म्हणाले आणि बाजेवर बसले. मागे कोणीतरी मोबाइल वर धरला.

"माय," ते हसून म्हणाले, "त्या दिवशीसारखं पाणी पाजा न घोटभर."

माय भिंतीला टेकून बसली होती. माठ तिच्या उजव्या हाताशी होता. फडक्याचं पाणी निथळून जमीन ओली झाली होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"पाणी नाही, बापू," माय म्हणाली.

ते जरा गोंधळले. "खारं असन तं खारं द्या. मले चालते."

"तेही नाही."

बाईच्या जातीनं दारी आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणावं, आणि तेही माझ्या मायनं, हे मी ऐकत होते तरी मला खरं वाटत नव्हतं. मोबाइल धरलेला हात हळूच खाली गेला. भाऊ उठले, पुन्हा एकदा हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले. गाडीत बसता बसता त्यांनी बाटलीचं झाकण उघडलेलं मला दिसलं.

धूळ खाली बसली. मी मायजवळ गेले. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान एक शिवी घालेल. ती माठावरचं फडकं काढून पिळत होती.

"बाई," ती म्हणाली, "पुढच्या खेपी येशीन तं कॅन नोको आणू. उगाच मांडी दुखते तुही."